नख पांढरं होईपर्यंत

डॉक्टरीणबाईंनी अंगठा तिच्या मानेच्या मुळाशी टेकवला आणि नख पांढरं होईपर्यंत दाबला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"दुखतं?"

"दाबल्यावर दुखणारच की," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिची आई म्हणाली.

"मावशी, मी त्यांना विचारतेय."

आईने तोंड फिरवलं. मायलेकी एकाच लॉन्ड्रीत इस्त्री करत. आईची तिथे एकतीस वर्षं झाली होती, लेकीची सहा. गेल्या आठवड्यात मालकाने लेकीला स्पष्टच सांगितलं होतं, बसून करायचं काम हवं असेल तर डॉक्टरचा कागद आण, नाहीतर घरी बस.

या अंगदुखीपायी ती आधी तिघा डॉक्टरांकडे जाऊन आली होती. एकाने टॉनिक दिलं, दुसऱ्याने लग्न कर म्हणून सांगितलं. तिसऱ्याने रिपोर्ट चाळून तिच्याकडे न बघताच म्हटलं, "सगळं नॉर्मल आहे. मन रमवा." मन रमवा म्हणे! दिवसभर वाफेत उभं राहून ढिगाने शर्ट उपसणारीने मन रमवायचं कुठे? त्याचा राग तिने एक वेळ गिळला असता. पण बाहेर आल्यावर आई म्हणाली होती, "मी काय वेगळं सांगते? कामचुकारपणाला औषध नसतं." ते काही तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

अंगठा खांद्यावर आला, कोपरावर आला, मग गुडघ्याच्या आतल्या बाजूला. तिथे मात्र ती कळवळली.

"झोपून उठल्यावर बरं वाटतं?"

"रात्रभर पोती वाहिल्यासारखं वाटतं. तीन वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी आणखी बरंच विचारलं, जुने रिपोर्ट एकेक करून वाचले आणि मगच त्या बोलल्या. "याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. रक्तात सापडत नाही, एक्स-रेमध्ये दिसत नाही. पण दुखणं खरं आहे. कागद देते मी."

खरं आहे! तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. ती गर्रकन आईकडे वळली.

"ऐकलंस? नाटक नाही म्हणतायत."

"एवढ्याशा दाबण्यावरून?" आई ताडकन उठली आणि लेकीला बाजूला करून तपासणीच्या स्टुलावर ताठ बसली. "मला दाबा. बघू आवाज काढते का."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला आणि दाबलं. मान, खांदे, कोपर, गुडघा. आईच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. फक्त मांडीवरच्या पिशवीचे बंद तिने मुठीत आवळून धरले होते.

"दुखलं?"

"दुखलं तर! पण ओरडले का?" आईने लेकीकडे विजयाने पाहिलं.

"मावशी, एवढ्याने दुखायला नको. नुसतं दाबल्याचं कळायला हवं."

"कुणाला?"

"बहुतेक सगळ्यांनाच."

"काहीतरीच!" आई हसली. मग एकदम उठून तिने डॉक्टरीणबाईंचा खांदा धरला आणि इस्त्री पेलून राठ झालेला आपला अंगठा त्यात रुतवला. नख पांढरं झालं. डॉक्टरीणबाई शांतपणे तिच्याकडे बघत राहिल्या.

"नाही दुखत?"

"नाही."

आईने जागा बदलून पुन्हा दाबलं, आणखी जोर लावून.

"खरंच नाही, मावशी. तुमचीही नीट तपासणी करू आपण."

आईने हात मागे घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मग मला आजवर कुणी विचारलं कसं नाही?" ती साऱ्या जगाला दरडावल्यासारखी म्हणाली, समोर दोघीच होत्या तरी.

'तू तरी मला कधी विचारलंस?' हे तीन वर्षं साठलेलं उत्तर लेकीच्या अगदी जिभेवर होतं. तिने ते गिळलं. सहा वर्षं शेजारच्याच टेबलापाशी उभं राहून तिनेही कधी विचारलं नव्हतं.