चाल नावाचा रकाना

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत सगळे त्यांना मास्तर म्हणत. वीस वर्षांपूर्वी, पुस्तक समोर ठेवून, चुकतमाकत त्यांनी रुग्णांच्या नोंदींचा प्रोग्राम स्वतःच बनवला होता. तो तिथल्या एका संगणकावरच चालायचा. आता बाहेरगावच्या दोन केंद्रांनाही त्या नोंदी हव्या होत्या, म्हणून सगळं पायथॉन या संगणकभाषेतल्या एका तयार चौकटीत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये, नव्याने लिहून वेबवर न्यायला एक प्रोग्रामर आली.

जुनी फाइल उघडताना तिने मनातल्या मनात नाक मुरडलं. हौशी माणसाचं काम, पसारा असणार. पण तक्ते बघत गेली तशी ती खुर्चीत सावरून बसली. गुडघ्याच्या वर पाय कापलेल्यांची मापं वेगळी, खाली कापलेल्यांची वेगळी. रुग्ण लहान मूल असेल तर दर सहा महिन्यांनी आठवण, कारण मूल वाढतं. एकही रकाना उगाच नव्हता. फक्त ‘चाल’ नावाचा तेवढा तिने गाळला. त्यात नुसता मोकळा मजकूर होता.

चाचणीच्या दिवशी मास्तरांनी ब्राउझरमध्ये एक नोंद उघडली, वरखाली केली आणि चष्मा काढला.

“चाल कुठे गेली, मॅडम?”

“त्यात काहीबाही होतं, मास्तर. ‘डावा खांदा टाकतो’, ‘फरशीकडे बघत आली’. मापं सगळी घेतलीत मी.”

“मापं बसलेल्या माणसाची असतात,” मास्तर शांतपणे म्हणाले. “दारापासून खुर्चीपर्यंत माणूस कसा येतो, ते मी आधी बघतो. पाय चालायलाच बनवायचा ना?”

 संध्याकाळपर्यंत तिने चार हजार नोंदींमधली चाल परत आणली आणि मापांच्याही वर ठेवली.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या केंद्रातून फोन आला. मास्तरांनी बनवलेला नवा पाय टोचतो म्हणून एक शिक्षिका तिथे आली होती. तिथला कारागीर पाय नव्याने बनवायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याने ‘चाल’मधली नोंद वाचली: ‘घाईत असली की चवड्यावर चालते.’ त्याने तिला भरभर चालायला लावलं, टाचेची उंची किंचित बदलली, आणि बाई हसत घरी गेल्या.

फोन ठेवून मास्तर शेजारी काम करणाऱ्या प्रोग्रामरकडे वळले. “हे पायथॉन मला साठीत जमेल का हो?”

“तुम्हाला नाही तर कुणाला जमणार?” असं म्हणत तिने त्यांना कीबोर्डसमोर जागा करून दिली.

त्यांनी स्वतः लिहिलेलं पहिलं वेबपान तीनदा अडलं. चौथ्यांदा उघडलं, तेव्हा ते दाखवायला मास्तर शेजारच्या खोलीतल्या कारागिरांना हाताला धरून घेऊन आले.