नंदीध्वजाचा शेंडा

"मागं कोण हाय गं?" ईरप्पानं विचारलं.

"कुणी न्हाय. चला तुमी," शांतम्मा म्हणाली.

बायकोच्या शब्दावर गप्प बसेल तर तो ईरप्पा कसला. तो थांबला, आधी पाय वळवले, मग खांदे, आणि त्यांच्यामागून मान आली. तलावाकाठचा रस्ता रिकामा होता. मानेच्या मणक्यांत पट्टी आणि स्क्रू बसल्यापासून मागे बघायचं म्हणजे अख्खा ईरप्पाच फिरवावा लागे. तोवर मागचा खुशाल निघून जाई.

मागचा म्हणजे गुरुसिद्धप्पा. संक्रांतीच्या यात्रेत ईरप्पा कमरेच्या पट्ट्यात नंदीध्वज पेलायचा, तेव्हा हा दोस्त पाठीशी चालायचा. घरांच्या वर जाणारी ती काठी. पेलणाऱ्याची नजर शेंड्यावरून ढळली की तोल गेलाच. "ईरप्पा, वर बघ," एवढंच गुरुसिद्धप्पा म्हणायचा. ईरप्पा ऑपरेशनसाठी दवाखान्यात होता आणि इकडे तो धडधाकट माणूस गेला. त्याच्या मातीलाही जाता आलं नाही, हे ईरप्पाला फार लागलं होतं. आता मान ताठ झाल्यावर मागून रोज तेच ऐकू येई: वर बघ. मेल्यावरही या माणसाची थट्टा काही सुटली नव्हती.

बाकी ईरप्पाचं रडगाणं नव्हतं. टॉवेलच्या कारखान्यात तो पुन्हा जात होता. पूर्वी तिथं माग दुरुस्त करायचा, आता टॉवेलांच्या घड्या घालायचा. तांब्या तोंडावर धरता येत नाही म्हणून पाणी नळीनं प्यायचा. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं कधी चुकवत नव्हता. फक्त ओझं उचलायचं नाही, म्हणून शांतम्मानं सिद्धरामेश्वराची शपथ घातली होती. तरी त्याचं चालणं नंदीध्वजाच्या सरावाच्या मैदानापाशीच येऊन संपत असे.

आज काठीखाली त्यांचा मुलगा बसवेश होता. ईरप्पाला त्याची कंबर दिसत होती, वाकलेले गुडघे दिसत होते. मान वर होत नसल्यानं काठीचा शेंडा मात्र दिसत नव्हता. अचानक भोवतीच्या सगळ्या हनुवट्या वर गेल्या. बसवेशचा पाय सरकला.

ईरप्पानं बाजूला पडलेला पट्टा उचलला. शांतम्मानं त्याचा हात धरला.

"ब्याड री," भीतीनं तिच्या तोंडून कानडीच आली. "नको म्हणते ना. पोरानं काठी सांभाळायची का तुमाला?"

"मला शेंडा बघू दे एकदा. रोज सांगतोय त्यो."

"कोण?"

"गुरुसिद्धा."

तिनं त्याच्या हातातला पट्टा काढून घेतला आणि अंगावरची शाल मातीत अंथरली.

"आडवं व्हा," ती म्हणाली. "दवाखान्यात शिकवलंय तसं. आधी कुशीवर."

तो कुशीवर टेकला, मग सावकाश पाठीवर आला. तिनं मानेखाली तळहात दिला. दोघं-तिघं धावत आले, "काका पडले की काय?"

"पडले न्हाईत," शांतम्मा म्हणाली. "बघायलेत."

वर आभाळ होतं, आणि त्या आभाळात काठी चढत गेली होती. शेंडा डावीकडे झुकत होता. किती दिवसांनी दिसला. ईरप्पाचे डोळे भरून आले.

"बसवेश," तो ओरडला, "खाली काय बघतोस? वर बघ."

पोरानं मान वर केली. शेंडा हळूहळू मध्यावर आला आणि थांबला. लोकांनी श्वास सोडला. ईरप्पा तसाच पडून मागून येणाऱ्या त्या आवाजाची वाट बघत राहिला. तो आला नाही. पाठीखाली जमीन होती, गुरुसिद्धप्पाला उभं राहायला जागाच नव्हती.

"दिसला न्हवं शेंडा?" शांतम्मानं विचारलं.

"दिसला," ईरप्पा म्हणाला. "आता उठव गं मला."