वाढवलेली गोळी

गेल्या महिन्याभरात रफूबाई नवऱ्याशी पंख्यावरून चार वेळा भांडल्या, आणि चारही वेळा पंखा चालूच होता. तो हळू फिरतो, एवढंच त्यांचं म्हणणं. नवरा बिचारा स्वेटर घालून बसलेला. बाहेर लोक कानाला मफलर गुंडाळून चाललेले, आणि या बाई रुमालाने मान पुसतायत. आता काय बोलावं!

दुकान दोघांचं. पुढे नवऱ्याची इस्त्री, मागे खिडकीपाशी बाईंचं रफूचं टेबल. गल्ली नवऱ्याला कडकराव म्हणायची, ते त्यांच्या इस्त्रीमुळे. स्वभावाने गडी लोण्यासारखा. बत्तीस वर्षांत त्यांनी कुणाचा कपडा जाळला नव्हता. आणि बत्तीस वर्षांत बाईंनी कुणाचं भोक परत पाठवलं नव्हतं. उंदराने कुरतडलेलं असो, सिगारेटने पडलेलं असो, बाई त्याच कपड्याच्या शिवणीतून धागे काढायच्या आणि उभे-आडवे विणून भोक बुजवायच्या.

वर्षापूर्वी बाई मंदावल्या होत्या. दुपारी टेबलावरच डोळा लागायचा, केस फणीत मूठभर यायचे, आवाज घोगरा झालेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटीशी गोळी, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. चहा नाही म्हटल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला, पण गोळी घेतली. आणि खरंच, दोन महिन्यांत माणसात आल्या. मग सहा आठवड्यांपूर्वी पुन्हा तपासणी झाली, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून थोडं कमी आहे. गोळी वाढवू या."

गोळी वाढवली आणि बाईंचं सगळं तंत्रच बिघडलं. बसल्या जागी छाती धडधडायची, जिना पळत चढून आल्यासारखी. भूक राक्षसासारखी, तरी कपडे ढगळ होत चाललेले. झोप तर उडालीच. त्या रात्रभर घरात येरझारा घालायच्या, आणि "झोपा हो तुम्ही" असं नवऱ्याला इतक्या वेळा सांगायच्या की तोही जागाच राहायचा.

हे सगळं बाईंनी सोसलं असतं. पण हात थरथरायला लागला. सुई धाग्याशी लावली की सुईचं टोक नाचायचं. एकदा नाही, दोनदा नाही, रोज. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. गिऱ्हाईक आलं की "या रंगाचा धागा जुळत नाही हो" म्हणून परत पाठवायच्या. वय झालं आपलं, संपला आपला हात, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि न्हाणीघरात नळ सोडून त्या दोनदा रडल्याही.

मग सोमवारी सकाळी पुढून करपल्याचा वास आला.

बाई धावत गेल्या. कडकराव इस्त्री हातात धरून उभे होते, चेहरा पांढराफटक. टेबलावर वकीलबाईंचा राखाडी लोकरी कोट, आणि त्याच्या छातीवर, बरोब्बर डाव्या बाजूला, नखाएवढं जळकं भोक.

"डोळा लागला गं माझा," ते म्हणाले. "उभ्या उभ्या डोळा लागला. बत्तीस वर्षांत कधी..."

वकीलबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. बोलण्यातला स्वल्पविरामसुद्धा पकडणारी बाई. नशीब एवढंच, की त्या परगावी गेलेल्या आणि बारा दिवसांनी येणार होत्या.

"तू आहेस म्हणून बरं," कडकराव म्हणाले. "तुझ्या हाताखालून गेलं की त्यांच्या सात पिढ्यांना कळायचं नाही. घे, आत्ताच घे."

बाईंनी कोट घेतला नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला, पंजा पसरून, आणि धरून ठेवला. बोटं थरथरत होती.

कडकराव बघत राहिले. "कधीपासून?"

"महिना झाला."

"आणि मला आज सांगतेस?"

"काय सांगू? रफूवालीचा हात गेला म्हणून सांगू? मग ठेवा मला इस्त्रीच्या घड्या घालायला!" बाई कडाडल्या. कडकरावांनी इस्त्रीची वायर काढली, कोट आतल्या खुंटीला लावला आणि दुकानाचं दार ओढून घेतलं.

"कोट गेला खड्ड्यात. चल डॉक्टरकडे."

डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, भुवया वर गेल्या. "एकशे बारा! बाई, गोळ्या घेताय कशा तुम्ही? दाखवा बघू."

रफूबाईंनी पिशवीतून दोन पाकिटं काढून टेबलावर ठेवली. एक पन्नासचं, एक पंच्याहत्तरचं. "ही जुनी, ही नवी. दोन्ही एकदमच घेते, उपाशीपोटी. चहा तासाभराने. एक दिवस चुकवलेली नाही, हो!"

"दोन्ही?"

"तुम्हीच म्हणालात की, वाढवू या."

"अहो, वाढवू या म्हणजे पन्नासच्या जागी पंच्याहत्तर!"

"जागी कसं?" बाई आता हट्टाला पेटल्या. "आमच्यात वाढवणं म्हणजे जुनं तसंच राहतं. कुणी कोट वाढवायला आणला तर आम्ही जुना फेकून नवा देतो का? आहे त्यात भर घालतो. तुम्हाला बदलायची होती तर 'बदला' म्हणायचं!"

 डॉक्टरीणबाईंना असं हसू फुटलं, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "यापुढे तुमच्या चिठ्ठीवर मी 'बदला'च लिहीन." मग त्या गंभीर झाल्या. छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून बघितली, ती ठीक निघाली. आठवडाभर एकही गोळी नको. त्यानंतर फक्त पंच्याहत्तर, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त. मनाने कमी नाही, मनाने जास्त नाही. छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर ताबडतोब यायचं.

"आणि हात?" बाईंनी हळूच विचारलं.

"हाताला काही झालेलं नाही. औषध जास्त झालंय, ते उतरायला वेळ लागेल. दोन आठवडे, तीन आठवडे. पण थांबेल."

 बाहेर पडल्यावर बाई भर फुटपाथवर नवऱ्याचा दंड धरून म्हणाल्या, "गेला नाही हो हात माझा!" कडकराव म्हणाले, "मी कुठे म्हटलं गेला? कोटाचं बघ आता." त्यांचेही डोळे भरले होते.

पण दोन-तीन आठवडे म्हणजे दोन-तीन आठवडे, आणि कोटाला होते बारा दिवस. पहिले सहा दिवस बाईंनी सुईला हात लावला नाही. चौथ्या दिवशी पंखा बंद झाला. पाचव्या रात्री त्या इतक्या गाढ झोपल्या, की कडकरावांनी उठून दोनदा श्वास तपासला. सातव्या दिवशी सकाळी त्या टेबलाशी बसल्या. थरथर कमी झाली होती, पण गेली नव्हती. चार धागे घातले, तीन उसवले.

"असं नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "इकडे या. हात ठेवा माझ्या मनगटावर. दाबू नका. नुसता ठेवा."

कडकरावांचा पंजा म्हणजे फळकूटच. तो मनगटावर पडला आणि सुई जरा शांत झाली. कोटाच्या आत, शिवणीपाशी शिंप्याने जो जास्तीचा कपडा सोडलेला असतो, त्याला माया म्हणतात. त्या मायेतून बाई एकेक धागा काढायच्या आणि जळक्या जागी विणायच्या. रोज सकाळी दोन तास, त्याहून जास्त नाही. पुढून गिऱ्हाईक हाका मारायचं, "कडकराव, अहो, शर्ट!" आणि आतून उत्तर जायचं, "दुपारी या, माझा हात अडकलाय!" गल्लीत चर्चा सुरू झाली, की म्हातारपणी या दोघांना झालंय तरी काय. जे काम बाईंनी एरवी तीन तासांत उडवलं असतं, त्याला पाच दिवस लागले. शेवटच्या दिवशी बाईंनी नवऱ्याचा पंजा बाजूला सारला आणि शेवटचे आठ धागे एकटीने घातले.

वकीलबाई शनिवारी आल्या. कोट अंगावर चढवला, आरशासमोर पुढे-मागे वळून बघितलं, बाही झटकली. "छान," त्या म्हणाल्या. एवढंच. पैसे ठेवले, पिशवी उचलली. कडकरावांनी कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला.

"थांबा," मागून रफूबाई म्हणाल्या.

 कडकरावांनी बायकोकडे डोळे वटारले, खाकरले, काउंटरखालून पायही हलवून बघितला. पण रफूबाई पुढे आल्याच. त्यांनी बोट उचललं आणि कोटाच्या डाव्या बाजूला टेकवलं. बोट स्थिर होतं.

"इथे भोक होतं. आमच्या यांच्याकडून जळलं. मी रफू केलंय."

वकीलबाईंनी कोट उतरवला. उजेडात धरला, उलटा केला, चष्मा लावला, चष्मा काढला. नखाने चाचपलं. गल्लीतून दोन सायकली गेल्या, तरी त्या बघतच होत्या.

"मला काही दिसत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मला कधी कळलंही नसतं. मग सांगितलंत कशाला?"

रफूबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"दिसलं असतं, तर कशाला सांगितलं असतं!"