कोलमनची होडी आधी

वडील रविवारी पहाटे गेले आणि सोमवारी सकाळी वारा फिरला.

एप्रिलपासून तो ईशान्येकडून वाहत होता. कोरडा, हाडात शिरणारा. त्या वाऱ्यात आमच्या तळ्यावर ट्राउट मासा वर येत नाही, आणि तो जिला खायला वर येतो ती मे महिन्यातली मेमाशीही तळाच्या गाळातून उठायला तयार नसते. सोमवारी चुलीसाठी पीटच्या, म्हणजे वाळवलेल्या दलदलमातीच्या, विटा आणायला मी मागच्या दारी गेले तर हवा मऊ लागली. नैर्ऋत्येचा वारा, खाली उतरलेले ढग, पाण्यावर बारीक लाट. दाराच्या चौकटीवर यंदाची पहिली मेमाशी बसली होती, पिवळट हिरवे पंख उभे मिटून. आत पुढच्या खोलीत वडील शवपेटीत होते.

माझ्या जन्माआधीपासून ते शाळेची बस चालवत. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं आणि दुपारी पुन्हा घरोघर पोचवायचं. मधल्या वेळात बस तळ्याच्या धक्क्यावर उभी असायची आणि वडील होडीत असायचे. गावाला वाटायचं, कोलमन फ्लॅनरी काय, सदा पाण्यावर. पण मेमाशी वर येते ती भर दुपारी. मासा पाणी फोडू लागला, सगळ्या होड्यांमध्ये गळाच्या काठ्या वाकू लागल्या की नेमके त्याच वेळी वडील दोरा गुंडाळून वल्हं हातात घ्यायचे. मुलं शाळेच्या फाटकात ताटकळली असं एकदाही झालं नाही. याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. या हिवाळ्यात ते निवृत्त झाले. यंदाचा मे त्यांचा होता, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांनी होडीला नवा रंग दिला, रेशमी दोरा मागवला, आणि रोज सकाळी अंगणात उभं राहून वाऱ्याला चार शिव्या घातल्या.

माझा भाऊ एन्डा ऑस्ट्रेलियात असतो. त्याला बुधवारी संध्याकाळच्या आत पोचता येत नव्हतं, म्हणून दफन गुरुवारी ठरलं. इथे दफन लवकर उरकतात. चार दिवस प्रेत घरात राहणं जरा लांबलेलंच. पण एकुलता एक मुलगा येतोय म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही.

आणि तळं गुरुवारपर्यंत बंद झालं.

आमच्याकडची ही जुनी रीत. फार पूर्वी एक जण बुडाला, आणि तो सापडून मातीआड होईपर्यंत शोधापलीकडे कुणी होडी काढली नाही. तेव्हापासून तळ्यावरचा कुणी गेला, अगदी अंथरुणात गेला तरी, तो पुरला जाईपर्यंत गरवायला, गळाने मासे धरायला, कुणी जात नाही. एरवी दीड-दोन दिवसांचा प्रश्न असतो. यावेळी ते दिवस मे महिन्यातले होते, आणि वर्षभर ज्याची वाट पाहावी असा वारा सुटला होता.

सोमवारी दुपारपासून माणसं यायला लागली. बायका पेटीजवळ बसल्या, हॅमची सँडविचं आणि सोड्याचा पाव फिरला. पुरुषांनी वडिलांच्या हाताला हात लावला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि ते एकेक करून खिडकीशी जाऊन उभे राहिले. खिडकीतून तळं दिसतं. थोड्या वेळाने खोलीत नुसत्या पाठीच पाठी.

"प्रेत इकडे आहे रे," डेलिया आत्या म्हणाली, "खिडकीबाहेर नाही."

ते वळले. शाळेतल्या मुलांसारखे एका ओळीत खुर्च्यांवर बसले, आणि हळूहळू एकेकाची मान पुन्हा वळली.

डेलिया आत्या वडिलांची थोरली बहीण. तिचा नवराही गरवणारा होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. "यांना काय," ती शेजारणीला सांगत होती, "वर्षाचे बारा महिने तळ्यावर. घर बायकांनी चालवायचं."

"डेलिया," फेस्टी म्हणाला, "गरवणारा सदा तळ्यावर असतो असं फक्त त्याच्या बायकोला वाटतं."

फेस्टी खाटीक. वडिलांच्या होडीतला कायमचा जोडीदार. मेमाशी आली की तो दुकानाच्या दाराला 'तळ्यावर आहे' अशी पाटी लावतो आणि गाव बिनमटणाचं राहतं.

"मग मोज की," आत्या म्हणाली.

"मोजतो. मार्चमध्ये बर्फ. एप्रिलमध्ये कोकरं. मे आला की कुणाच्या तरी पोराचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन, तेही कसं, नेमकं शनिवारी. मग पीट कापायचं, गवत कापायचं. उरलेल्या दिवसांत एकतर ऊन, नाहीतर वारा पडलेला, नाहीतर वादळ. खरे दिवस किती मिळतात सांगू? तुझ्या लग्नात आईने दिलेले चमचे किती होते?"

"सहा. त्यातला एक तू हरवलास."

"मग पाच."

खोलीत हसू पसरलं आणि लगेच विरलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तेव्हा मला प्रथम नीट कळलं, की ज्याला मी या माणसांचा नाद समजत होते तो मुख्यतः वाट पाहणंच आहे. हे लोक वर्षभर खाटीककाम करतात, बस चालवतात, मेंढ्या राखतात, आणि त्या पाच दिवसांसाठी हिवाळाभर चुलीपाशी बसून गळाच्या नकली माश्यांचे पंख बांधतात. त्यातले तीन दिवस आता खिडकीबाहेर वाहून चालले होते, आणि एकाच्याही तोंडून कुरकुर नाही.

जार्लथ सगळ्यांत शांत बसला होता. तो माझ्या वयाचा. लंडनला इमारतींच्या कामावर असतो आणि दर मेमध्ये एका आठवड्याची रजा काढून येतो. रविवारी संध्याकाळी बोटीवरून उतरला तेव्हा त्याला बातमी कळली.

मंगळवारी दुपारी मी त्याला अंगणात गाठलं. शेडच्या भिंतीला टेकून तो ढगांकडे पाहत होता. कुंपणाच्या झुडपांवर मेमाश्या लगडल्या होत्या. एरवी पोरं त्या गोळा करून गरवणाऱ्यांना विकतात. आज झुडपांना कुणी हात लावला नव्हता.

"जार्लथ, तू परत कधी जाणार?"

"शुक्रवारी."

"मग जा ना रे आज. डॅडींना आवडलं नसतं हे. त्यांनीच तुला धक्के मारून पाठवलं असतं."

"पाठवलं असतं खरं." तो हसला. "पण उना, मी त्यांच्या बसमधला पोरगा. बसमध्ये चढलो की त्यांच्या हाताला माशाचा वास यायचा. आम्ही विचारायचो, कोलमन, आज मासे वर होते का? ते म्हणायचे, आत्ताच आले बघा, मी निघालो तेव्हा. रोज तेच. आम्हाला वाटायचं थट्टा करतात. मोठा झाल्यावर कळलं." त्याने भिंतीला टेकलेली पाठ सोडवली. "पुढच्या वर्षी जाईन की मी. तळं कुठे पळतंय?"

"पुढच्या वर्षी वारा असेल कशावरून?"

"नसेल तर नसेल."

मग मी फेस्टीकडे गेले. तो फाटकावर कोपरं ठेवून उभा होता.

"फेस्टीकाका, ही रीत मोडता येत नाही?"

"कुणी केली ते ठाऊक नाही, म्हणजे मोडायला परवानगी कुणाकडे मागायची?"

"घरच्या माणसाने सांगितलं तर? मी सांगतेय. जा सगळे."

"तू सांगशील गं, पोरी. तुझं मन मोठं आहे. पण मी धक्क्यावर जाणार, तिथे कोलमनची होडी बांधलेली दिसणार, आणि मी तिच्या शेजारून माझी सोडून नेणार? मग रात्री येऊन त्याच्या उशाशी बसणार? तूच सांग."

मी आत आले. पण संध्याकाळभर कप धुताना ते बांधलेल्या होडीचं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. त्यात नकार होता तसाच रस्ताही होता.

बुधवारी सकाळी वारा तसाच होता. रेडिओवर सांगितलं, उद्यापासून आकाश निरभ्र, वारा पडणार. मी वडिलांचं तेलकापडाचं जाकीट खुंटीवरून काढलं.

"कुठे निघालीस?" आत्याने पेटीजवळून विचारलं.

"होडी काढायला."

तिने जपमाळ मांडीवर ठेवली. "बाप घरात निजलाय आणि लेक तळ्यावर? लोक काय म्हणतील?"

"लोक सगळे धक्क्यावरच असतील, आत्या. तुम्ही हाक मारून विचारा."

"तुझी आई असती तर..."

"आई असती तर माझ्याही आधी गेली असती. ती तुम्हाला काय म्हणायची आठवतं? नवरा घरात असून तळ्याकडे बघत बसण्यापेक्षा तळ्यावर गेलेला बरा."

आत्याने बराच वेळ वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "पेटी एकटी ठेवायची नसते," ती म्हणाली.

"म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

"जा. मी बसते त्याच्याजवळ. तसंही मे महिन्यात माझ्याजवळ तो कधी बसलाय?"

धक्क्यावर सगळे होतेच. खिशात हात घालून, पाण्याकडे तोंड करून. मला त्या जाकिटात पाहिलं आणि त्यांनी वाट दिली. मी वडिलांच्या होडीत उतरले आणि डब्याने तळाचं पावसाचं पाणी बाहेर फेकू लागले. होडी नव्या रंगाची, हिरवीगार. यंदा ती पाण्यात उतरली होती, पण धक्क्यापासून हलली नव्हती.

"काय करतेस, पोरी?" फेस्टीने वरून विचारलं.

"पाणी काढतेय."

"ते दिसतंय."

"यंदा ही होडी एकदाही बाहेर गेलेली नाही. मी घेऊन चाललेय. एकटीला दोन्ही टोकं सांभाळता यायची नाहीत, म्हणून विचारते, येता का?"

तो उभाच राहिला. त्याचे डोळे माझ्यावर नव्हते, दोरीवर होते. मग त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि खाली उतरला. "पुढे बस," तो म्हणाला. "ती त्याची जागा. मागची माझी आहे, ती मी कुणाला देत नाही."

तळ्यातल्या एका बेटापलीकडे जाऊन आम्ही इंजिन बंद केलं आणि होडी आडवी करून वाऱ्यावर सोडली. लांब काठीच्या टोकाचा रेशमी दोरा वाऱ्याने फुगून पुढे गेला. गळाला लावलेली जिवंत मेमाशी लाटेला टेकायची, उचलली जायची, पुन्हा टेकायची. लहानपणी वडिलांनी मला हे शिकवलं होतं. हात विसरले नव्हते, याचं मला नवल वाटलं. 

मग पाण्यातून एक नाक वर आलं, सावकाश, आणि माशी नाहीशी झाली. मी काठी खेचली. रिकामा दोरा तोंडावर आला.

"घाई," फेस्टी म्हणाला.

"हो."

"मासा खाली वळेपर्यंत थांबायचं असतं. कोलमनची लेक आणि घाई." त्याने नाक शिंकरलं आणि दुसरीकडे पाहिलं.

त्या वेळी मागून पहिलं इंजिन ऐकू आलं. मग दुसरं. मी वळून पाहिलं. होड्या एकेक करून धक्क्यावरून सुटत होत्या, पण एकही आमच्या पुढे गेली नाही. लांबून वळसा घेऊन त्या आमच्या मागे रांगेत लागल्या आणि वाऱ्यावर सुटल्या. सर्वांत शेवटी जार्लथची. त्याची काठी सर्वांत आधी वाकली.

दुपार भरात आली. सगळ्या तळ्यावर मासे पाणी फोडत होते. फेस्टीने घड्याळाकडे पाहिलं, मीही पाहिलं, शाळा सुटायची वेळ झाली होती, आणि आम्ही तिथेच राहिलो.

संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेला ते धक्क्यावरून थेट घरी आले. तेलकापडं ओली, बुटांना चिखल, खोलीभर तळ्याचा वास. आत्याने जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. त्यावर सगळे गुडघे टेकून बसले. प्रार्थना अर्ध्यावर असताना एन्डा दारात आला. विमानतळावरून तसाच, काळ्या सुटात. ओल्या पाठींची ती गर्दी पाहून तो गोंधळला, मग पेटीजवळ येऊन गुडघ्यावर बसला. जार्लथने सरकून त्याला जागा दिली.

प्रार्थना संपली तरी कुणी उठेना. मग फेस्टी पेटीवर वाकला, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात.

"नैर्ऋत्येचा होता, कोलमन. दुपारी जरा पश्चिमेला सरकला. माशी इतकी की होडीत बसायला जागा नाही. तुझ्या पोरीने एक घालवला. चांगला होता."

"चांगला म्हणजे काय," जार्लथ मागून म्हणाला, "मी लांबून पाहिला. साधारण होता."

"तू तुझ्या माशाकडे बघत होतास. तुला काय दिसणार?"

"माझा तरी होडीत आला."

"खडकाने ढकलला म्हणून आला."

"हळू बोला रे," आत्या म्हणाली. "घरात प्रेत आहे." तिने वडिलांच्या बाहीवरची नसलेली सुरकुती सारखी केली. मग जार्लथकडे वळली. "केवढा होता?"

जार्लथने दोन्ही हात पुढे केले आणि त्यांच्यात जागा धरून दाखवली. आत्याने ती जागा बघितली, मग भावाकडे बघितलं.

"पुढे सांग," ती म्हणाली. "त्याला पहिल्यापासून सांग. कुठे लागला, कोणत्या बेटाशी."

एन्डाने कोट काढला आणि जमिनीवरच नीट मांडी घातली. जार्लथ पेटीजवळ सरकला आणि सांगू लागला.