नसलेल्या विमानाची अठ्ठेचाळीस मिनिटं

वॉशिंग मशीनने टीं-टीं केलं आणि टिटवी जागी झाली. म्हणजे माझी कामाची वेळ संपली.

टिटवी ही आमची लेक. तिचा बाबा दूरच्या एका छोट्या विमानतळावर धावपट्टीवरचे पक्षी हाकलतो. तिथे दिवसाला दोन विमानं उतरतात, बाकी वेळ टिटव्या. घरातली टिटवी हाकलायचं काम माझ्याकडे आहे. ते जमत नाही. ती डोळे चोळत आली आणि थेट मांडीत बसली.

मी एका वेबसाइटसाठी पानं लिहिते. अमुक विमानतळ ते तमुक विमानतळ, अंतर किती, उड्डाणाला वेळ किती. संगणक नकाशावर सरळ रेघ मारतो, विमानाच्या वेगाने भागतो आणि आकडा देतो. त्याच्याभोवती चार गोड वाक्यं मी घालायची. त्या मार्गावर विमान आहे का, हे कुणी विचारत नाही. काम लागलं तेव्हा पहिलं पान मी हौसेने आमचंच केलं होतं. आमच्या गावचा विमानतळ ते टिटवीच्या बाबाचा, अठ्ठेचाळीस मिनिटं. खाली लिहिलं होतं, 'चहा संपेपर्यंत तुम्ही आपल्या माणसांत!'

त्या मार्गावर विमान नाही. तो येतो दोन बस बदलून, सगळी रात्र आणि अर्धा दिवस घालवून. आला की झोपतो.

मशीनमधले कपडे काढतेय तोच त्याचा फोन. हात ओले, म्हणून स्पीकरवर टाकला. त्याने आमच्या गावी बदली मागितली होती.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. साहेबांनी इंटरनेटवर बघितलं. म्हणाले, तुमचं घर अठ्ठेचाळीस मिनिटांवर, ज्यांची लांब आहेत त्यांना आधी. बदलीची नावं उद्या वरच्या ऑफिसात जाणार."

"कुठे बघितलं त्यांनी?"

"चहाचं वाक्य वाचून दाखवलं मला. त्यांना फार आवडलं." मग म्हणाला, "छान लिहितेस गं."

टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

सासूबाई चादर झटकत म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू जवळ आणून ठेवलंस त्याला. मी उगाच लांब समजून रडत होते."

मी संपादकबाईंना फोन लावला. "त्या पानावर एक ओळ घालते. इथे विमान नाही म्हणून."

"आकडा चुकलाय?"

"नाही."

"मग राहू दे. नाही म्हटलं की वाचक पळतात."

"लोक खरं धरतात हो."

"खरंच आहे की. सरळ रेघेत."

मी फोन ठेवला, टिटवीला पुन्हा मांडीत घेतलं आणि पान उघडलं. आकडा संगणकाचा, तो मला पुसता येत नाही. चहा मात्र माझा होता, तो पुसला. काम गेलं तर जाऊ दे. लिहिताना मोठ्याने वाचायची मला सवय आहे, तसं वाचत लिहिलं, "उड्डाणाचा वेळ अठ्ठेचाळीस मिनिटं. या मार्गावर एकही विमान जात नाही. रस्त्याने एक रात्र आणि अर्धा दिवस." टिटवीच्या बाबाला निरोप धाडला, साहेबांना पुन्हा बघायला सांग.

टिटवी मांडीतून वर बघत होती.

"आई, विमान नाहीच आहे ना?"

"नाही गं राणी."

"मग ते अठ्ठेचाळीस मिनिटांत पोचलं की त्यातून कोण उतरतं?"