मायक्रोवेव्हच्या पोटातले लोखंड

मी एक जुना ट्रान्सफॉर्मर आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, पण माझा आवाज ऐकला असेल. मायक्रोवेव्हमध्ये भाताची वाटी फिरू लागली की एक जाड, एकसुरी घरघर सुरू होते ना, ती माझी. लोकांना वाटते तो आवाज पंख्याचा. पंख्याचाही असतो थोडा, पण टेबलाच्या पायापर्यंत उतरणारी थरथर माझी असते. दिसायला मी काहीच नाही. लोखंडी पत्र्यांची चळत, तिच्यात गुंडाळलेल्या तारेची दोन वेटोळी, आणि वजन चार किलो. त्या दोनांतले एकच वेटोळे आता माझ्याजवळ उरले आहे. असे का झाले, ते सांगताना मला थकवा येतो. तरी सांगतो.

तैवानमधल्या ताइचुंग शहराजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रे यंत्राने रचले, पण तारेचे टोक धरून पहिला फेरा लावायला सुती मोजे घातलेल्या बाया होत्या. एक वेटोळे जाड तारेचे, मोजक्या फेऱ्यांचे. दुसरे बारीक तारेचे, फेऱ्यांवर फेरे. जाड वेटोळ्याने मी भिंतीतली साधी वीज घ्यायची आणि बारीक वेटोळ्याने तिचा जोर वीसपट करून पुढे द्यायचा. कोणाला द्यायचा आणि कशासाठी, हे मला कोणी शिकवले नाही. मग मला रोगणात बुडवले, भट्टीत वाळवले आणि एका पांढऱ्या डब्याच्या कोपऱ्यात स्क्रूंनी आवळून टाकले. झाकण लागले. पुढची सतरा वर्षे मी उजेड पाहिला नाही.

ती सतरा वर्षे सान्यी गावात, स्टेशनासमोरच्या न्याहारीच्या दुकानात गेली. पहाटे पाचला मालकीण शटर वर करायची आणि माझी घरघर सुरू व्हायची. सोयाबीनचे दूध, वाफवलेले पाव, कालच्या उरलेल्या मुळ्याच्या वड्या. गाडी पकडायला निघालेली माणसे घाईत असत. "मावशी, गरम करून द्या, पण दोन मिनिटांत!" मावशी म्हणायची, "दोन कशाला? माझा हा पांढरा बैल एका मिनिटात देतो." डब्यावर थाप मारून ती असे म्हणाली की मला बरे वाटायचे. कौतुक डब्याचे व्हायचे हे खरे, पण राबत मी होतो.

मग बटणांची पट्टी मेली. बटण तीनदा दाबावे, मग पाचदा, मग ठोसा मारावा. नवा डबा आला आणि मला फुटपाथवर ठेवले. तीन दिवस मी तिथे होतो. कोणी माझ्यावर छत्री टेकवली, कोणी सिगारेट विझवली. चौथ्या दिवशी संध्याकाळी सुरावट वाजवत कचऱ्याची गाडी आली, तिच्या मागे भंगाराची गाडी. मला उचलणार, तेवढ्यात एक बाई सायकलवरून उतरली आणि ओरडली, "थांबा रे! त्याचं पोट अजून चांगलं आहे."

ती वन च्युन-मेइ. वय अडुसष्ट. तिने आयुष्यभर मायक्रोवेव्ह ओव्हनच्या कारखान्यात, तपासणीच्या बाकावर काम केले होते. नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती. घराच्या पुढच्या खोलीत ती जुनी स्वयंपाकघरातली यंत्रे उघडून बसायची आणि दर शनिवारी देवळाच्या अंगणात शेजाऱ्यापाजाऱ्यांना दुरुस्ती शिकवायची.

तिने मला लगेच उघडले नाही. आधी प्लग काढलेला आहे ना हे दोनदा पाहिले. झाकण काढल्यावरही आत हात घातला नाही. माझ्याशेजारी कपॅसिटर नावाचा एक पत्र्याचा डबा असतो. प्लग काढला तरी तो वीज पोटात दाबून बसतो. च्युन-मेइने लांब दांडीच्या हत्याराने त्याचे पोट रिकामे केले, मीटर लावून खात्री केली आणि मग स्क्रू फिरवले. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांची वाटणी झाली. पंखा गेला मुळा वाळवायच्या पेटीत. थाळी फिरवणारी इवलीशी मोटार एका दुकानदाराने शोभेच्या बाहुल्या फिरवायला नेली. काचेची थाळी तिने स्वतःला ठेवली. लहरी तयार करणारा भाग मात्र तिने न फोडता वेगळा बांधला. त्याच्या आतली चिनीमाती फुटली तर तिची पूड छातीत जाऊ शकते, असे ती बजावून सांगायची.

शनिवारच्या वर्गात तिची धाकटी जाऊ फेंग-इंग यायची. एकदा तिने विचारले, "आणि ताई, कोणी विजेला चिकटलंच तर? ओढून काढायचं?"

"ओढलंस की तूही चिकटलीस. हात लावायचा नाही. आधी मेन बंद. नवरा असला तरी आधी मेन."

मागून एक म्हातारी म्हणाली, "नवरा असला तर जरा सावकाश बंद कर गं!" बाया खो खो हसल्या. फेंग-इंगही हसली.

फेंग-इंगचा नवरा म्हणजे च्युन-मेइचा धाकटा दीर, फान मू-शेंग. तो लाकडावर कोरीव काम करायचा. कापराच्या लाकडातून तो वाघ काढायचा, हसरे ढेरपोटे देव काढायचा. त्याच्या अंगालाही कापराचा वास यायचा. पण वाघांना आता गिऱ्हाईक नव्हते. दुकानासमोर बस थांबायची, माणसे वाघाबरोबर फोटो काढायची आणि आइस्क्रीम घेऊन निघून जायची.

एका सकाळी तो आला आणि बाकावर मला पाहून म्हणाला, "वहिनी, हा ट्रान्सफॉर्मर मला द्या."

"कशाला? दार अडवायला?"

त्याने फोन पुढे केला. फोनमध्ये एक फळी होती आणि तिच्यावर विजेने जाळून काढलेली नक्षी, जणू काळे झाड फांद्या फुटत वाढत गेले होते. "बघा तरी. छिन्नी नको, काही नको. लोक उड्या मारतात याच्यावर."

"मारतीलच. शेवटची उडी."

"कारखान्यात राहून राहून तुम्ही घाबरट झालात, वहिनी."

"घाबरट होते म्हणून जिवंत परत आले. आमच्या बाकावरचा सगळ्यांत हुशार माणूस एका दुपारी घाईत होता. त्याच्या बायकोला तो गेल्याचा निरोप द्यायला मी गेले होते."

"मी जाड हातमोजे घालीन."

"हातमोज्यांनी धीर येतो. हा जो जोर सोडतो तो अडत नाही. मू-शेंग, तू शाळेत होतास तेव्हा मी या घरात आले. तुला कधी काही नाही म्हटलंय? आज म्हणते. नाही."

"मग बसा ते लोखंड उराशी धरून," तो म्हणाला आणि चहा न घेता गेला.

च्युन-मेइने मला शिकंज्यात आवळले आणि करवत उचलली. माझे बारीक वेटोळे कापून टाकायचे, म्हणजे मी कोणाचाच जीव घेऊ शकणार नाही, हा तिचा नेम होता. तेवढ्यात फोन वाजला. शिंचू शहरात राहणारी तिची लेक दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. च्युन-मेइ घाईघाईने उठली. करवत खाली ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आल्यावर." कोंबड्यांना दाणे घालायला घराची किल्ली तिने मू-शेंगकडे दिली.

मित्रांनो, तो चोर नव्हता, हे मला सांगितलेच पाहिजे. पहिल्या दिवशी त्याने कोंबड्यांना दाणे घातले आणि माझ्याकडे न बघता गेला. दुसऱ्या दिवशी बराच वेळ उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने मला पोत्यात घातले आणि वाटेत म्हणाला, "चल बाबा. तूही टाकलेला, मीही टाकलेला. दोघं मिळून काहीतरी करू."

मला फार बरे वाटले. इतक्या वर्षांत माझ्याशी, डब्याशी नव्हे, माझ्याशी बोलणारा तो पहिला माणूस.

दुपारी त्याच्या कामाच्या पडवीत मी पुन्हा घरघरलो. पहिली फळी साधली. ओल्या लाकडावर दोन्ही टोकांकडून काळ्या फांद्या सरपटत निघाल्या आणि मध्ये येऊन एकमेकींना भेटल्या. मू-शेंगने बायकोला हाक मारली. "बघ! पस्तीस वर्षांत माझ्या हातून असं काही झालं नाही."

फेंग-इंगने फळी पाहिली, मग मला पाहिले. "ताईंना विचारलंत?"

"दाखवीन ना. दहा झाल्या की दाखवीन."

ती भाजी निवडायला ओसरीवर गेली. दुसऱ्या फळीवर तारेचा एक चिमटा निसटला. मू-शेंगने तो सरळ करायला उजवा हात पुढे केला. बटण चालूच होते.

मी काय केले? नेहमी करतो तेच केले. घेतले, वीसपट केले, दिले. समोर लाकूड आहे की माणूस, हे मला कळत नाही. कळले असते तरी मला थांबता आले नसते.

धप्प आवाज ऐकून फेंग-इंग धावत आली. दोन्ही हात पुढे करून ती त्याच्याकडे झेपावली आणि एका पावलावर थबकली. मग तिने नवऱ्याकडे पाठ फिरवली. तो तसा पडलेला असताना पाठ फिरवून ती भिंतीकडे धावली, मेन खाली ओढला आणि मगच त्याच्याजवळ गेली. त्याची छाती दाबत ती ओरडत होती. शेजारचे आले, गाडी आली. सगळे गेले. पडवीत मी आणि ती पहिली फळी उरलो.

मू-शेंग वाचला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे कापावी लागली. उरलेल्या दोन बोटांना अजूनही काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी च्युन-मेइ मला न्यायला आली, तेव्हा प्रवासाची पिशवी तिच्या खांद्यालाच होती. फेंग-इंग म्हणाली, "ताई, ते आधी तळ्यात फेका."

"याने काय केलंय? करवत माझ्या हातात होती. फोन आला म्हणून मी ती खाली ठेवली. पाच मिनिटांचं काम होतं गं."

'तुमची चूक नाही' असे फेंग-इंग म्हणाली नाही. ती फक्त पिशवी उतरवून घेऊन तिच्याशेजारी बसली. 

घरी येताच च्युन-मेइने माझे बारीक वेटोळे कापले. दोन्ही बाजूंनी करवत चालवली आणि आतला गाभा ठोकून बाहेर काढला. दुखले का, असे तुम्ही विचाराल. दुखले नाही, हलके वाटले. पुढे कितीतरी आठवडे मी फळीवर पडून होतो. तिलाही काम सुचत नव्हते. शनिवारचे वर्ग बंद होते. एक दिवस तिने त्या रिकाम्या जागेतून बोटाएवढ्या जाड केबलचे दोन-तीन फेरे घेतले, मला बंद पेटीत बसवले आणि पायाने दाबायचा खटका लावला. आता मी जोर वाढवत नाही, उलट अगदी कमी करून देतो. त्यात पत्र्याला पत्रा जोडण्यापुरती धग असते. वाफेच्या भांड्यांचे तुटलेले कान मी जोडतो. माझ्या त्या जाड टोकांनी झटका बसत नाही, पण भाजते. शिवाय भिंतीतली वीज अजून माझ्या पोटात येतेच. म्हणून च्युन-मेइ ती पेटी दुसऱ्या कोणाला उघडू देत नाही.

सहा महिन्यांनी मू-शेंग आला. दारातच उभा राहिला.

"हाच का तो?"

"हाच."

"काय करतो आता?"

"भांड्यांचे कान जोडतो."

तो आत येऊन बाकाशी बसला. मग म्हणाला, "मलाही काहीतरी द्या वहिनी. वाघ होत नाहीत आता." तिने त्याच्या डाव्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. पहिला स्क्रू काढायला त्याला पाऊण तास लागला. दोनदा त्याने हत्यार भिंतीवर फेकले. ती दोन्ही वेळा उठली आणि ते उचलून तिने पुढ्यात ठेवले. शनिवारचे वर्ग त्यानंतर सुरू झाले.

परवाच्या शनिवारची गोष्ट. इस्त्रीच्या शर्टातला एक फर्निचरवाला दोन ओव्हन घेऊन आला. "बाकी सगळं तुम्ही ठेवा," तो म्हणाला, "ट्रान्सफॉर्मर तेवढे काढून द्या. नक्षीला हवेत." च्युन-मेइने डोळे मिटले. तेच सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगायचे त्राण तिच्यात नव्हते, मला दिसत होते.

मू-शेंग म्हणाला, "साहेब, जरा हा स्क्रू धरता? मला धरवत नाही."

त्या माणसाने स्क्रू धरला आणि मग त्याला तो हात दिसला. "कशानं झालं हो?"

"तुम्ही मागताय त्यानं. मी याच वहिनींकडे मागितला होता. त्या नाही म्हणाल्या, म्हणून चोरला."

त्या माणसाने आपल्या दोन्ही ओव्हनकडे पाहिले. मग स्क्रू वाटीत ठेवत म्हणाला, "दोन्ही ठेवा. काय करायचं ते करा." च्युन-मेइने त्या दोन्ही ट्रान्सफॉर्मरांची बारीक वेटोळी जेवायच्या आधी कापून टाकली.

मित्रांनो, मी आता दमलो आहे. जुन्या वस्तू टाकू नका, त्यांच्या पोटात अजून पुष्कळ काम शिल्लक असते. पण प्लग काढला म्हणजे वीज गेली असे समजून मायक्रोवेव्ह कधी उघडू नका, घरातल्या मोठ्यांनाही उघडू देऊ नका. जाणत्या माणसाकडे न्या, आणि तो नाही म्हणाला तर रुसू नका. ज्यांना ही विद्या येते त्यांनाही माझे एक मागणे आहे. जे कापायचे ते हातात करवत आहे तोवर कापा. कोणी बटण दाबले की मी चालतो. थांबणे मला येत नाही. ते तुम्हालाच करावे लागेल.