बरोब्बर अकरा सतरा

आमच्या क्लबच्या मोटरसायकल रॅलीत जो सगळ्यांत आधी पोचतो तो हरतो, हे लोकांना समजावता समजावता माझा घसा बसलाय. अहो, ही शर्यत नाही! ठरलेल्या रस्त्याने, ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या सेकंदाला पोचायचं असतं. उशिरा आलात तर सेकंदाला एक गुण कापतात, लवकर आलात तर दोन. गाड्या दामटणाऱ्यांची जिरवायला हा नियम केलाय, आणि तो मी केलाय. मी घड्याळं दुरुस्त करते. सेकंदांशी माझं कधी वाकडं आलं नाही, माणसांशी मात्र रोज येतं.

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि सहा वर्षं या रॅलीत दुसरे येतात. सहाही वर्षं पहिले आले ते दातांचे डॉक्टर. त्यांना अख्खा क्लब 'दाढ' म्हणतो. मी म्हटलं, दुसरा नंबर काय वाईट आहे? कपांमध्ये माझे बारीक स्क्रू छान मावतात. पण ह्यांना ते लागायचं. यंदा पन्नाशी गाठली तशी "आता नाही तर कधीच नाही" हे पालुपद सुरू झालं. जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच.

शेवटची चौकी माझ्याकडे होती. बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली एक टेबल, दोन घड्याळं, आणि झेंडा घेऊन माझी धाकटी नणंद. नवऱ्याची वेळ बायकोनेच नोंदवायची का, असं मी क्लबला विचारलं होतं. ते म्हणाले, तुमच्याइतकं कडक दुसरं कोण आहे? हे ऐकून खूश व्हावं की रागवावं ते मला अजून कळलेलं नाही.

दाढेची वेळ होती अकरा तेरा, ह्यांची अकरा सतरा. अकरा तेरा झाले, अकरा चौदा झाले, दाढेचा पत्ताच नाही. नणंद उड्या मारायला लागली. "वहिनी, यंदा कप आपला!"

"झेंडा नीट धर आधी," मी म्हटलं. पण खरं सांगते, मनातल्या मनात मीही कपाटात कपासाठी जागा केली.

सोळावं मिनिट उलटल्यावर वळणावर ह्यांचं लाल हेल्मेट दिसलं. अकरा सतरा झाले आणि त्याच क्षणी पुढचं चाक पांढऱ्या रेघेवर. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही! नणंदेने किंकाळीच फोडली.

हे मात्र गाडीवरून उतरलेच नाहीत. काच वर केली आणि ओरडले, "अगं, अँब्युलन्स पाठव! दाढ पडला!"

"कोणाची?" नणंद म्हणाली.

"कोणाची काय? डॉक्टर पडलाय! पाय मोडलाय बहुतेक. फळी लावून बांधलाय, सावलीत ठेवलाय. तिथे फोन लागत नाही."

मी फोन उचलला होताच. "कुठे?"

"वीटभट्टीच्या मागे, ओढ्याच्या वळणावर."

मी ते शब्द जसेच्या तसे फोनवर सांगितले. पाच मिनिटांत पोचतो, असं ड्रायव्हर म्हणाला. फोन ठेवला आणि मग माझी ट्यूब पेटली. वीटभट्टीच्या मागे?

रॅलीचा रस्ता टेकडीवरून जातो. भट्टीमागची ती कच्ची वाट तीन वर्षांपूर्वी मीच भांडून बंद करायला लावली होती. तिथे विटांचे ट्रक वळणावर समोरून येतात आणि दिसतच नाहीत. एक जण चार महिने प्लास्टरमध्ये होता. 'रस्ता बंद' ही पाटीसुद्धा कोणी रंगवली होती? ह्यांनीच! लाल अक्षरांत, वर फुकट.

"तुम्ही तिथे काय करत होतात?"

ह्यांचे कान लालबुंद. ती वाट बारा मिनिटं वाचवते, हे मला ठाऊक होतं. वाचवलेली बारा मिनिटं झाडामागे उभं राहून काढायची आणि सेकंद साधून रेघ ओलांडायची, असा बेत असणार. ती बारा मिनिटं दाढेचा पाय बांधण्यात गेली, म्हणून स्वारी वेळेवर आली.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "कोणाला कळतंय? दाढ थोडाच बोलणार, तोही तिथेच होता ना."

माझं पेन थांबलं. खोटं कशाला बोलू, थांबलं. सहा वर्षं ह्या माणसाचं पडलेलं तोंड मीच बघत आलेय. मग एकदम डोकं सणकलं.

"अहो, ट्रक आला असता म्हणजे? मी इथे घड्याळाकडे बघत तुमची वाट पाहत बसले असते! आणि लपवायचं होतं तर जागा कशाला सांगितलीत?"

"तो तिथे पडलेला, अगं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही."

"आणि त्या वाटेला वळायचं कधी आलं डोक्यात?"

हे खाली बघत म्हणाले, "चार दिवसांपूर्वी."

मी कार्डावर वेळ लिहिली, अकरा सतरा शून्य शून्य. त्यापुढे लिहिलं, 'बाद'. दाढेच्या कार्डावरही तेच लिहिलं. ह्यांनी सही केली. नणंद तोंड फिरवून उभी राहिली.

हेल्मेटचा पट्टा काढायला मीच पुढे झाले, पण डोळे असे भरून आले की चाप दिसेना.

"तू कशाला रडतेस?" हे म्हणाले. "कप तर माझा गेला."

"खड्ड्यात गेला तुमचा कप!" मी म्हटलं. "तुम्ही आलात ना."